खडूचा आकडा

सकाळी आठची बस लेओनहून ग्वानाह्वातोला निघाली, तेव्हा ओदिलियाच्या मांडीवर बुटांचा खोका होता आणि शेजारी चार महिने जुना नवरा.

खोका सासूने दिलेला. एवारिस्तो सहा वर्षांचा असताना तापाने गेल्यातच जमा होता. तेव्हा तिने टेकडीवरच्या देवळातल्या बाळयेशूला नवस बोलला होता: पोर राहू दे, दर वर्षी बुटांचा नवा जोड आणीन. बाळयेशू रात्रभर हिंडतो, त्याचे बूट झिजतात, हे सगळ्यांनाच ठाऊक. यंदापासून हे काम सुनेचं.

"बाराच्या घंटेआधी पोचव हं, पोरी," सासूने दारात दोनदा बजावलं होतं.

ओदिलियाने झाकण उघडलं. "बाळाला एवढे मोठे? हे तर तुझ्या मापाचे आहेत."

"बाळ तरी किती वर्षं बाळ राहील?" एवारिस्तो हसला. "आईचं खूळ गं. आधी एन्चिलादा खाऊ. देव कुठे पळून चाललाय?"

खाण्यात अकरा वाजून गेले. मग गल्लीच्या पायऱ्या चढता चढता तो मध्येच खाली बसला. तिने हात धरला. भर उन्हात हात गार.

"काही नाही गं... पायच नाहीत असं वाटतंय... तू हो पुढे."

ती धावतच वर गेली. देवळात मेणाचा आणि घामेजल्या चामड्याचा वास होता. म्हातारा सेवक मेलेसियो दारातच उभा.

"उशीर केलास, मुली. तुझी सासू कधी दहाच्या पुढे गेली नाही." त्याने खोका आत नेला आणि कागदात गुंडाळलेलं एक पुडकं आणून दिलं. "गेल्या वर्षीचा जोड. जुना घरच्यांनी परत न्यायचा."

ओदिलिया कारखान्यात बूट तपासायची. तळ पाहून माणसाची चाल सांगायची. सवयीने तिने एक बूट उलटा केला. डावी टाच बाहेरच्या अंगाने पार झिजलेली. ही चाल ती रोज घरात ऐकत होती. एक पाऊल ठाम, एक घासत.

"हे... कोण घालतं?"

"ज्याच्यासाठी येतात, तो."

बाराची घंटा झाली.

खाली एवारिस्तो उभा होता, गालांवर रंग, हातात दोन आइस्क्रीम. "एवढी धापा टाकतेस? देवाने हाकललं की काय?"

परतीच्या बसमध्ये तो बूट काढून झोपला. लग्नातलेच बूट, रोज तेच घालायचा. खिडकीतून ऊन येत होतं. ओदिलियाने हळूच एक उचलून पालथा केला. चार महिने रोज घालूनही तळ कोरा; कारखान्यात तपासताना खडूने घातलेला आकडा जसाच्या तसा होता. तिच्याच हातचा.

तिने बूट परत त्याच्या पायाशी ठेवला. आपण लग्न नक्की कोणाशी केलं, या शेजारच्याशी की देवळात बूट झिजवणाऱ्याशी, हे सासूला विचारण्यासारखं नव्हतं. मग रुमाल काढून तिने झोपलेल्या पावलाचं माप घेतलं आणि गाठ मारली. पुढच्या वर्षी आठच्या नाही, सहाच्या बसने निघायचं.

मांडीवरचं पुडकं तिने जरा सरकवलं. देवळातून निघून पाच तास झाले होते... आतले बूट अजून ऊबदार होते, कोणी नुकतेच पायातून काढल्यासारखे.