जमादार हसाजींची ललकारी

इटलीतल्या एका डोंगरमाथ्यावरच्या जुनाट किल्ल्याचे बुरूज पहाटेच्या धुक्यातून वर येत होते. महायुद्ध ऐन भरात होते, आणि कैद झालेले मराठा पलटणीचे जवान ज्या तटांआड डांबले होते, तिथेच आदल्या संध्याकाळी जर्मनांनी खालच्या गावातली यहुदी कुटुंबे हाकत आणून दारूखान्यात, म्हणजे दारूगोळ्याच्या जुन्या कोठारात, कोंडली होती. यहुदी असणे हाच त्यांचा गुन्हा. बर्लिनच्या हुकूमशहाने त्या साऱ्या जमातीचा निर्वंश मांडला होता. दुपारी त्यांना आगगाडीत कोंबून छळछावणीकडे न्यायचे होते.

दारूखान्याच्या भिंतीआडून कुणी वृद्ध 'शमा इस्राएल' पुटपुटताना ऐकले, आणि जमादार हसाजी झिराडकरांचे काळीज हलले. ती त्यांचीही प्रार्थना होती. हसाजी रेवदंड्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. पलटणीला हे ठाऊक होते. जर्मन मात्र त्यांना हिंदूच समजत.

"सुभेदारसाहेब," ते राणोजी घागांना म्हणाले, "दारूखान्यामागच्या चोरदिंडीतले दगड उपसायला जर्मन आज हजेरीआधीच तुमची टोळी नेणार. हजेरीला मी पहारेकऱ्यांना चौकात ओढतो. तुम्ही कडी तोडून माणसं रानात उतरवा."

"आणि तुमचं काय, जमादार?"

"माझ्याकडे पाहू नका. दिंडीकडे पाहा."

हजेरी सुरू होताच हसाजी रांग मोडून धावले, आणि चौकातले जर्मन निशाण ओढून चिखलात फेकत त्यांनी ललकारी दिली, "हे उतरवणारा यहुदी आहे! हसाजी झिराडकर, रेवदंडेकर!" रांगांतून पलटण गरजली. दारूखान्यावरचा पहाराही चौकाकडे धावला. बंदुकांचे दस्ते हसाजींच्या पाठीवर कोसळत असताना, मागे राणोजींच्या पहारीखाली कडी तुटली.

दारूखाना रिकामा दिसल्यावर जर्मन किल्लेदाराने दुभाष्यामार्फत हसाजींना सांगितले, "यहुद्याने आमचे निशाण उतरवले हे कळले, तर माझी अब्रू जाईल. तू हिंदू आहेस एवढे कबूल कर. जिवंत राहशील."

हसाजींनी तोंडातले रक्त थुंकले. "अब्रू तुमची जाते आहे, साहेब. मी माझी जात का लपवू?"

दुपारी ती आगगाडी एकट्या हसाजींना घेऊन निघाली. ते परतले नाहीत. रानात उतरलेल्या कुटुंबांना डोंगरातल्या मेंढपाळांनी आसरा दिला, आणि ती वाचली.

युद्ध संपल्यावर राणोजी रेवदंड्याला गेले. हसाजींच्या म्हाताऱ्या आईला त्यांनी सारे सांगितले.

"त्यांचं निशाण खाली पडलं ना?"

"पडलं, आई. त्यांच्याच बुटांखाली आलं."

"बरं केलं माझ्या लेकानं," ती म्हणाली, आणि ताठ मानेने पाहुण्याचे पान वाढायला उठली.