मंद वाऱ्याचं शीड

त्या मार्चात मी खळ्यावर वावडीवर, म्हणजे उपणायच्या उंच तिवईवर, उभी राहून हरभरा उपणत होते आणि माझं सगळं भुसकट एका अनोळखी मुलाच्या ओल्या केसांत जाऊन बसलं. डोक्यावर लांबलचक फळी धरून तो येडगाव धरणाच्या पाण्यातून वर येत होता.

"पावणं, वारा बघून चालावं," मी म्हणाले.

"वारा आहेच कुठे?" तो हसला. "तासभर पाण्यात नुसता उभा होतो."

आदेश पुण्याचा. पिंपळवंडीजवळ शिडाच्या फळ्यांचं, म्हणजे विंडसर्फिंगचं, शिबिर लागलं होतं, तिथे आलेला. त्याचं शीड पाहिलं तर टॉवेलाएवढं! वारा कमी असला की आम्ही पाटी उंच धरून सावकाश ओततो, तुम्हीही घाई सोडा, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने मंद वाऱ्याची रुंद फळी आणि मोठं शीड काढलं... आणि तो अलगद निघाला.

मग रोज विचारायचा, आज मोठं की लहान? मी ओढणी धरून वारा बघायचे. तो ओढणीकडे बघतच नसे, माझ्याकडेच बघायचा. मलाही ते आवडायचं.

रविवारी निवडीची शर्यत होती. निवड झाली तर तो दोन वर्षं गोव्याला प्रशिक्षणाला जाणार, नाही तर पुढच्या शर्यतीपर्यंत इथेच सराव. सकाळी ओढणी जेमतेम हलत होती.

"लहान घ्या," मी म्हणाले. "दुपारून लई सुटंल."

सुटला नाही. बाकीचे मोठ्या शिडांवर पुढे गेले. तो मधेच तरंगत राहिला.

संध्याकाळी तो मोठं शीड काखेत घेऊन खळ्यावर निरोप घ्यायला आला. हरल्यावर त्याचं मनच उडालं होतं. वडिलांच्या दुकानात बसणार होता.

"वारा सुटणार न्हाई, मला ठाव व्हतं," मी रडतच सांगितलं.

"मलाही. पाण्यावर दिसत होतं की."

"मग लहान का घेतलं?"

"तू म्हणालीस म्हणून." तो खाली बघत होता. "प्रांजल, ते अहोजाहो सोडून नुसतं 'थांब' म्हणाली असतीस ना... थांबलो असतो."

तेव्हा तरी म्हणायचं! शब्द ओठावर आला होता. तेवढ्यात बांधावरून आईने हाक मारली आणि मी "आले" म्हणाले.

परतले तेव्हा खळ्यावर फक्त मोठं शीड होतं.

अजून आहे. पावसाळ्यात मी ते कांद्याच्या चाळीवर टाकते. वाऱ्याने सुटायला लागलं, की दोन्ही हातांनी धरते आणि त्याला म्हणते, "थांब."