बशीखालचा रुपया

अकोल्याच्या फलाटावर भागीरथेला हसू आलं, आणि तिथंच तिचं चुकलं. तरण्या पोरीनं परक्या माणसाकडं बघून हसू नये, हे तिच्या मायनं, चतुराबाईनं, तिला हजारदा बजावलं होतं. पण हसू काय विचारून येतं?

साठ-एकसष्टची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत मामाकडं चार दिवस राहून भागीरथा अमरावतीला परत निघाली होती. तिथं ती नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होती. हिवाळ्याचं ऊन कोवळं पडलं होतं. फलाटावर कापसाच्या गाठी रचल्या होत्या आणि त्यांच्यातून सुटलेला कापूस वाऱ्यानं इकडंतिकडं उडत होता. तिच्यासमोर एका हमालानं डोक्यावरची लोखंडी पेटी उतरवली. पेटीचा मालक उंच, सावळा, अंगात निळा कोट. त्यानं खिशातून पैसे काढले आणि दोन्ही हातांनी हमालाच्या तळहातावर ठेवले. वर मान लववून म्हणाला, "पंजाबराव, लय तरास देला तुमाले."

आपल्याला कुणी 'राव' म्हणतंय यावर त्या हमालाचा विश्वासच बसेना. दुसरा कुणी पंजाबराव मागं उभा आहे की काय, म्हणून त्यानं वळून पाहिलं. आणि भागीरथा खुदकन हसली.

नेमका तो माणूस गाडीत तिच्याच समोर येऊन बसला. बोरगाव आल्यावर खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "तुमी हासल्या."

"मी? नायी बाप्पा."

"हासल्या. दात दिसले."

"मंग? हमालाले कोनी दोनी हातानं पैसे देते का?"

"मी देतो," तो म्हणाला. "मले जसे आवडतात, तसे दुसऱ्याले देतो."

त्याचं नाव मोतीराम. मायबाप लहानपणीच गेले, अकोल्याच्या केशरबाई आत्यानं वाढवलं. आता तो मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर कामाला होता. दीड वर्षानं सुट्टीवर आला होता आणि गुलाम नबी नावाच्या जहाजावरच्या दोस्ताच्या आईला खजूर पोचवायला अमरावतीला, राजापेठेत निघाला होता.

"जहाजावर काय करता?"

"वाढतो. सकाळी चहा, दुपारी जेवन, सांजेले अजून जेवन. समुद्रात मानसाले लय भूक लागते... नायी त लय उलट्या होतात."

ती पुन्हा हसली. या खेपेला पदर तोंडाला लावायचंही सुचलं नाही. पिशवीतून तिनं एक संत्रं काढून त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

"बक्षीस?"

"नायी. संत्रं."

त्यानं ते सोललं आणि अर्धं तिला परत दिलं. बडनेरा आलं तेव्हा दोघांच्याही बोटांना सालीचा वास येत होता. भागीरथेनं त्या रात्री हात धुतले नाहीत. मायला सांगितलं, पाणी लय थंडं हाये.

मग गुलाम नबीच्या आईला, बिस्मिल्लाबीला, खजुरामागून खजूर पोचू लागले. बिस्मिल्लाबी बिचारी चकित झाली. एवढे खजूर आपल्या पोरानं पाठवले तरी कधी? मोतीराम तिथून निघून शाळा सुटायच्या वेळेला राजापेठेच्या रस्त्यानं चालायचा आणि भागीरथा भेटली की नवल वाटल्याचं सोंग करायचा. ती शहाणी होती. तीही नवल करायची.

एकदा चालता चालता तिनं मनात घोळत असलेलं विचारून टाकलं. "बक्षीस घ्याची तुमाले... लाज नायी वाटत?"

दहा पावलं गेल्यावर तो म्हणाला, "देनारावर असते ते. आमच्या जहाजावर कुटुंबंच्या कुटुंबं असतात, लेकरंबाळं घेऊन. बक्षिसाची एक रीत असते. रोज रोज नायी द्याचं. उतराच्या आदल्या सांजेले द्याचं. घरच्या मोठ्यानं, पाकिटात घालून, चार लोकाइच्या नजरेआड. जो वाढते त्याले, अन् जो खोली झाडते त्याले. जे चांगले असतात ते लेकराच्या हातानं देतात, लेकराले आमचं नाव घ्याले लावतात. अन् आमी ते एका पेटीत टाकतो. जो खाली भांडे घासते, त्याचं तोंड कोनाले दिसत नायी, पन वाटा त्याचाबी असते."

"अन् जे वाईट असतात?"

"ते टेबलावर फेकतात. नानं गरगर फिरत राह्यते, थांबेपर्यंत पाहा लागते." तो थोडा हसला. "अन् काही जन बशीखाली ठेवून पळतात. ते वाईट नसतात बरं. ते लाजाळू. हातात हात द्याले लाजतात बिचारे."

भागीरथेला आपले बाबा आठवले.

बुधाजी चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यातले येसकर. घुंगरांची काठी वाजवत, खांद्यावर घोंगडी टाकून, दिवेलागणीला दारोदार 'भाकर वाढा मायबाप' म्हणत फिरायचे. बाया उंबऱ्याच्या आतून, हात उंच करून, घोंगडीत भाकर टाकायच्या. हाताला हात लागू नये म्हणून. छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेऊन ते परतले आणि काठी चुलीत घातली. त्या दिवशीचा भात त्या काठीवर शिजला. मग गाव सोडलं, अमरावतीच्या जिनिंगात कामाला लागले, लेकीला शिकवलं. या घरात कुणी हात पसरायचा नाही, अशी त्यांची शपथ होती. शेजारणीकडं विरजण मागायचीही चतुराबाईला चोरी.

तरीही भागीरथेनं मायच्या कानावर घातलं. मायनं बाबांच्या. आणि एका रविवारी मोतीराम रीतसर घरी आला.

येणार होत्या केशरबाई आत्या, पण त्यांना ऐन वेळी हिवताप भरला. मोतीराम एकटाच, तोच निळा कोट घालून, एक मूठ आवळून बसला. भागीरथेनं चहा आणला. त्यानं वर पाहिलं नाही. फलाटावर दात मोजणारा हाच का तो, असं तिच्या मनात आलं.

"पगार किती?" बुधाजींनी विचारलं.

"पगार बरा हाये. अन् वरून... बक्षीस मियते."

त्या शब्दासरशी खोलीतला वारा पडला. बुधाजींनी हातातली बशी खाली ठेवली. चतुराबाईनं पोह्यांचं, थंडीचं, आत्याच्या तापाचं काढून पाहिलं. कशानंच काही जमेना. मोतीराम उठला, हात जोडले आणि निघाला.

भागीरथा कपबशा उचलू लागली. मोतीरामची बशी उचलली आणि खालून बंदा रुपया खणकन जमिनीवर पडला. गरगर फिरत राहिला. थांबेपर्यंत तिघंही त्याच्याकडं बघत होती.

बुधाजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "येसकराच्या घरी बशीखाली पैसे ठेवून गेला," ते हळू म्हणाले. "हाताले हात लागू नये म्हनून. आपल्यातला असून." रुपया उचलून त्यांनी कोनाड्यात ठेवला. "त्याचं त्याले वापस द्या. अन् आयक पोरी. जो हात बक्षीस घेते, त्या हातात माह्या लेकीचा हात मी देत नायी."

भागीरथेच्या जिव्हारी लागलं. बाबांचं बोलणं लागलं, आणि तो रुपयाही लागला. आपण काय त्याच्या टेबलाशी वाढायला उभ्या होतो?

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. तिनं नवल केल्याचं सोंग केलं नाही. सरळ विचारलं, "बशीखाली कावून ठेवला?"

त्याचा चेहरा उतरला. "आत्यानं सांगतलं होतं, उठताना पोरीच्या हातावर रुपया ठेवजो, रीत असते. रस्ताभर मुठीत धरून आनला मी. पन तुमी चहा घेऊन आल्या अन्... हाताले घाम सुटला. तुमच्या बाबासमोर तुमचा हात हातात कसा घेऊ?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. हातात हात द्याले लाजतात बिचारे. त्यानंच तर सांगितलं होतं, याच रस्त्यावर. तिला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच.

"मी आजच येतो. बाबाचे पाय धरतो."

"पाय नोका धरू. त्याइले नायी चालत ते." तिनं डोळे पुसले. "तुमी कधी जाता?"

"परवा. राजापेठेतून गुलाम नबीच्या अम्मीचं सामान घ्याचं अन् बडनेऱ्याहून सांजची मेल धराची. मंग... दीड वर्ष."

"मी बाबाशी बोलीन," ती म्हणाली. "पन एक सांगतो. बाबाचा हात पुढं आला, तरच मी फलाटावर दिसीन. नायी आला त नायी. त्याइले दुखवून मले सुख नायी लागनार."

त्यानं मान डोलावली. त्या वेळी तो तिला जितका आवडला, तितका आधी कधी आवडला नव्हता.

संध्याकाळी बुधाजी जिनिंगातून आले. दारात उभे राहून केसांतला कापूस झटकत होते. भागीरथा पाण्याचा तांब्या घेऊन पुढं गेली.

"बाबा, येसकराच्या भाकरीवरच वाढली ना मी?"

"त्या गोठी काढू नको."

"काढीन. लोकं वरून टाकत होते, ते त्याइचं पाप. तुमी ते घरी आनत होते. मऊ मऊ तुकडा मले देत होते अन् कडक कोर तुमी खात होते. त्या हाताले मी कधी हलकं मानलं नायी, बाबा. तुमीच मानून राहिले."

बुधाजींचा हात केसांत तसाच राहिला.

"अन् थो पोरगा अंतर ठेवून नायी गेला. आत्यानं त्याले रुपया माह्या हातावर ठेवाले सांगतलं होतं. लाजला. तुमच्यासमोर माह्या हाताले हात लावाले लाजला."

चुलीपासून चतुराबाईचा आवाज आला, "जसे काही तुमी नवते लाजले! लगन झाल्यावर आठ दिवस पान्याचा तांब्या मागतला नायी मले. नदीवर जाऊन पेत होते."

बुधाजींनी पाणी घेतलं. जेवले. निजले. दुसरा दिवसही तसाच गेला. हो नाही, ना नाही. तिसऱ्या दिवशी भागीरथा शाळेत गेली तेव्हा कोनाड्यात बघायचंही तिला धैर्य झालं नाही. पोरांना तिनं त्या दिवशी सातचा पाढा सांगितला आणि मधेच चुकली. पोरांनी सांभाळून घेतलं.

शाळा सुटायच्या बेताला खिडकीतून तिला फाटकाशी कुणी उभं दिसलं. केसांत कापूस तसाच, अंगात कामावरची बंडी. बुधाजी होते. जवळ गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "चाल. गाडी चुकंन."

टांग्यात बुधाजींची उजवी मूठ बंद होती. थंडी पडायला लागली होती आणि रस्त्याकडेच्या बागांतून संत्र्याचा वास येत होता. भागीरथा घोड्याच्या टापा ऐकत होती. एवढ्या सावकाश चालणारं घोडं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

बडनेऱ्याला मेल लागलेली होती. मोतीराम डब्याच्या दारात उभा राहून फलाटाचं दुसरंच टोक न्याहाळत होता.

"मोतीराम!"

तो उडी मारून खाली आला. बुधाजी म्हणाले, "हात कर." त्यानं दोन्ही हात जोडून ओंजळ केली.

"असा नायी. असा मागनारा करते." बुधाजींनी त्याची ओंजळ सोडवली, उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि तळव्यावर रुपया ठेवला. मग हात सोडलाच नाही. "मी जनमभर हात पाह्यले ते वरून टाकनारे. हातावर हात ठेवून देनारा मले कोनी भेटला नायी. म्हनलं, आपन देऊन पाहू." त्यांनी मोतीरामची बोटं रुपयावर मिटली. "हे बक्षीस नोहे."

"मंग काय, बाबा?"

'बाबा' ऐकून बुधाजींनी मान दुसरीकडं फिरवली. इंजिनाकडं बघत म्हणाले, "आत्यानं सांगतलेलं काम राह्यलं ना तुहं? कर मंग. मी काही पाहून नायी राह्यलो."

शिट्टी झाली. मोतीरामनं रुपया भागीरथेच्या हातावर ठेवला. त्याच्या हाताला घाम होता, तिच्याही होता. लाजले का? खोटं कशाला सांगा, दोघंही लाजले. पण हात कुणी मागं घेतला नाही. गाडी हलली तेव्हा कुठं तो पळत सुटला आणि दाराचा दांडा धरून वर चढला.

"दीड वर्ष!" तो ओरडला.

"आत्याले पाठवा!" ती ओरडली. "एकटे नोका येऊ!"

मागचा लाल दिवा दिसेनासा होईतो ती उभी राहिली. मूठ तिनं उघडली नाही. दीड वर्ष म्हणजे काय, ते आता तिला कळत होतं, आणि रडू आवरत नव्हतं. बुधाजींनी तिला रडू दिलं.

परतीच्या टांग्यातून ते राजापेठेत घराशी उतरले. बुधाजींनी खिशातून भाडं काढलं. एरवी ते कसं देत, भागीरथेला ठाऊक होतं. घाईनं, दुसरीकडं बघत, हात लागणार नाही असं. आज ते थांबले. टांगेवाल्याचा हात ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी त्याच्या तळव्यावर भाडं ठेवलं.

"नाव काय भाऊ तुमचं?"

"जी... अब्दुल गफ्फार."

"अब्दुल गफ्फारभाई, लय थंडीत तरास देला तुमाले."

टांगेवाल्यानं वळून मागं पाहिलं, दुसरा कुणी अब्दुल गफ्फार उभा आहे की काय. आणि भागीरथा रडता रडता हसली.