डीव्हीएफच्या पोटात काय होतं

"वकील म्हणाले, फाइल आहे, पण वाजत नाही. तीनला सुनावणी आहे हो!"

बाईंनी मेमरी कार्ड टेबलावर ठेवलं. स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टने घड्याळ पाहिलं. एक वाजला होता.

कारखान्यातल्या स्फोटात बाईंचा नवरा गेला होता. चूक त्याचीच, असं साहेब म्हणत होते. पण बॉयलर गळतोय हे त्याने आदल्या दिवशी साहेबांना सांगितलं होतं, आणि 'चालू ठेव' हे त्यांचं उत्तर खिशातल्या रेकॉर्डरवर टिपून कार्ड बायकोकडे दिलं होतं. दुसरा पुरावा नव्हता.

"डीव्हीएफ आता कुठेच चालत नाही," सोबत आलेला दीर म्हणाला. "वहिनी उगाच आस लावून बसल्यात."

रेकॉर्डिस्टने कार्ड संगणकात घातलं. एकच फाइल, शेवटी डीव्हीएफ. त्या रेकॉर्डरपुरताच असलेला, केव्हाच मागे पडलेला प्रकार. त्याने जुना प्रोग्रॅम शोधून काढला. त्यानेही हात टेकले.

"कार्ड कुठे होतं?"

"माझ्या कपाटात."

"किल्ली?"

"माझ्याकडेच. मागच्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा भाऊजींकडे होती."

"तुम्ही कार्ड पाहिलंत?"

"मी? हातसुद्धा लावला नाही," दीर म्हणाला.

रेकॉर्डिस्टने फाइल आतून उघडली, ती कसली आहे ते सांगणारी पहिली अक्षरं वाचली आणि सुस्कारा सोडला.

"बाई, नावामागचं शेपूट म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी बदलून मिठाची साखर होत नाही. आत आवाज नाही, फोटो आहे."

त्याने डीव्हीएफ खोडून जेपीजी लिहिलं. पडद्यावर कारखान्याचं पत्र उघडलं. दिराला फोरमन नेमल्याचं. तारीख मागच्या महिन्याची.

"कार्ड आत घालण्याआधीच तुम्ही डीव्हीएफ म्हणालात," तो दिराला म्हणाला. "कार्ड रिकामं दिसलं असतं तर बोभाटा झाला असता. म्हणून मोबाइलमधला हाताला लागला तो फोटो घातलात आणि नाव जुनंच ठेवलंत. फाइल बिघडली म्हणून सगळे गप्प बसले असते. नेमका हाच फोटो निवडायची अवदसा आठवली!"

दिराचा चेहरा पडला. "दादा गेलाच होता, वहिनी. दोन घरं कुणी चालवायची?"

"मूळ फाइल?"

"पुसली. वर परत मिळू नये म्हणून कार्ड दोनदा भरून रिकामं केलं. साहेबांसमोर."

रेकॉर्डिस्टने कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाला, "फाइल बदलल्याचं मी लेखी देतो. पण साहेब काय बोलले, ते त्यातून सिद्ध होणार नाही."

"आणि ह्यांचा आवाज?"

"आता नाही मिळायचा."

बाई पडद्यावरच्या पत्राकडे बघत राहिल्या.

"मी ऐकलाच नव्हता हो. धीर होत नव्हता. आज सगळ्यांबरोबर एकदाच ऐकू म्हटलं होतं."