दुधी खडा

लसंतने मुठीतला निळा खडा चहाच्या बशीत ठेवला, तेव्हा इनोका सासऱ्यांच्या चहासाठी गूळ फोडत होती. बशीत बारीकसा आवाज झाला आणि तिच्या हातातली सुरी जागच्या जागी थांबली... हा आवाज आज ना उद्या कानावर येणार, हे ती कितीतरी दिवस मनाशी घोकत होती.

"बाजारात फारूक हाजियारांना दाखवला. ते म्हणाले, हा भट्टीतून निघालेला आहे," लसंत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मग आपला जन्माचा निळा कुठे आहे, इनोका?"

आमच्या रत्नपुऱ्यात चार पैसे गाठीला आले की लोक बँकेत जात नाहीत, खडा घेतात. लसंत कतारच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता, सध्या सुट्टीवर आलेला. तिथून तो वडिलांना पैसे पाठवी आणि वडील, म्हणजे बाजारातले खड्यांचे जुने व्यापारी पियतिस्स मुदलाली, त्याच्यासाठी छोटे छोटे खडे घेत, विकत, पुन्हा घेत. असं करता करता शेवटी घरात दोनच खडे उरले होते, दोन्ही अंगठ्याच्या नखाएवढे, न कापलेले. एक नीलम, जमिनीतूनच आपला निळा रंग घेऊन आलेला. दुसरा दुधी, जो भट्टीत भाजला तर कदाचित निळा होईल, कदाचित तडकेल. आगीने दिलेल्या रंगाला भाव असतो, पण जन्माच्या रंगाला जो भाव असतो तो वेगळाच. त्या जन्माच्या निळ्याच्या जिवावर लसंत कायमचा घरी परतायचा होता. गावातच खानावळ काढायची, बायकोसोबत राहायचं, असा त्याचा बेत होता.

"मी दुधी खडा भाजला ना, गेल्या पौर्णिमेला, पोयाच्या दिवशी," ओसरीवरच्या खुर्चीतून पियतिस्स म्हणाले. "तोच हा. चांगला उतरलाय. दुसरा तुझ्या बायकोच्या कपाटात होता, तिलाच विचार."

आणि त्यांनी चहासाठी हात पुढे केला, तो कपाच्या कानाच्या वीतभर अलीकडेच थांबला. इनोकाने कप उचलून त्यांच्या बोटांत दिला. हे ती रोज करत होती आणि घरात ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, खुद्द पियतिस्सांच्याही.

पोयाच्या त्या दिवशी ती पांढरी साडी नेसून देवळात गेली होती. परतली तेव्हा मागच्या अंगणातली भट्टी निवत होती आणि म्हातारा हरखून गेला होता. "बघ, बघ पोरी, दुधाचा निळा झाला! अजून हात गेला नाही माझा." तिने कौतुक केलं, कपाट उघडलं, कागदाची दुसरी पुडी सोडली... आणि आत दुधी खडा तसाच होता. पांढरट, मुका, निर्दोष. म्हाताऱ्याने जन्माचा निळा भट्टीत घातला होता! त्याच्या पिकल्या डोळ्यांना निळा आणि पांढरा आता वेगळे दिसतच नव्हते; भट्टीतून निघालेला निळा त्याला हवा होता म्हणून दिसला होता.

त्या क्षणी ती ओरडली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. पण समोर तो चेहरा होता. इनोकाचा बाप खाणीत खडी धुणारा मजूर. ती सून होऊन आली तेव्हा नवऱ्याकडच्या बायका तोंड वाकडं करून कुजबुजत होत्या, आणि या माणसाने सगळ्यांदेखत ताटापुढे बसून, "माझ्या लेकीच्या हातचा पहिला घास मला," म्हणत तिच्याकडून किरिबतचा, नारळाच्या दुधात शिजवलेल्या सणाच्या भाताचा, घास भरवून घेतला होता. या माणसाचा डोळा हेच त्याचं सर्वस्व होतं. फारूक हाजियारांसारखा मुरलेला व्यापारीसुद्धा मोठा खडा घेण्याआधी तो पारखायला मुदलालींच्या हातावर ठेवी. तो डोळा गेला हे कळलं तर उद्या त्यांच्या हातावर कोण काय ठेवणार? तिने दुधी खडा उचलला आणि मिठाच्या मडक्यात खोल दडवला.

आता एक शब्द पुरेसा होता. मीठ, मडकं, हात घाल. बस्स.

"तो माझ्याकडून गेला," ती म्हणाली.

"गेला म्हणजे? हरवला?"

"गेला."

"नुवनने परवाच नवी तीनचाकी घेतली," लसंत सावकाश म्हणाला.

"माझ्या भावाला मध्ये आणू नकोस."

"मग कुणाला आणू? तू काही सांगत नाहीस."

"खडा असा आपोआप जात नाही," पियतिस्स कडवटपणे म्हणाले. "घरचा खडा घरच्याच माणसाने न्यावा, याच्यासारखं दुसरं दुःख नाही, पोरी." त्यांनी चहा तसाच खाली ठेवला. नवऱ्याचं बोलणं ती सोसू शकली, पण ते ‘पोरी’ तिच्या काळजात रुतलं, कारण त्यात अजूनही माया होती.

लसंतने कपाटाची किल्ली मागितली, तिने दिली. भांडण झालं नाही. आमच्या बाजारात बातमीला पाय नसतात, तरी ती घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत त्याच दिवशी पोचली. दुकानात नारळ घ्यायला गेलेल्या इनोकाकडे पाहून बायका आपापल्या पिशव्या जवळ ओढू लागल्या. लसंतने परतीचं तिकीट काढलं. तो गेला की तिने माहेरी जावं असं ठरलं, म्हणजे त्याने ठरवलं आणि तिने मान हलवली.

"जाण्याआधी दोन कामं कर," ती त्याला म्हणाली. "हा निळा खडा येईल त्या भावाला विकून टाक. आणि मग मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घे." सासऱ्यांना ती मामा म्हणे.

"खडा विकायची तुला एवढी काय घाई?"

त्याला वाटलं, हीसुद्धा चोरीच लपवायची घाई.

पियतिस्स ऑपरेशनचं नाव काढू देईनात. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरली आहे?"

तेव्हा इनोका त्यांच्या पायाशी बसली. "मामा, मघाशी मी तुमच्यासमोरून गेले तर तुम्ही विचारलंत, पांढरं नेसून देवळात निघालीस का. आज पोया नाही. माझे कपडे निळे आहेत."

म्हाताऱ्याने तिच्या बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं, जणू बोटांनी रंग कळणार होता. मग म्हणाला, "लसंतला सांग, डॉक्टरकडे जाऊ." मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, पुरता पिकलेला.

हाजियारांनी देऊ केलेला भाव लसंतला परवडला नाही, त्यामुळे खडा घरातच राहिला. आणि डोळ्यावरची पट्टी सुटली त्या सकाळी पियतिस्स दारात खुर्ची टाकून बसले, समोरच्या डोंगराकडे, आकाशाकडे बघत. "इतकं निळं होतं हे सगळं?" ते हळूच म्हणाले. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली इनोका उंबऱ्यातच थबकली.

"लसंत, तो खडा आण."

उन्हाकडे पाठ करून त्यांनी खडा धरला, एकदा, मग पुन्हा.

"हा खडा घेतला तेव्हा फोनवर मी तुला काय सांगितलं होतं?"

"हा नव्हे, तात्ता. जन्माच्या निळ्याबद्दल सांगितलं होतं. त्याच्या पोटात रेघ आहे, पापणीच्या केसासारखी वाकडी, एवढाच काय तो दोष."

"बघ."

लसंतने पाहिलं. रेघ आगीतूनही टिकली होती. त्याने भिंग लावून पुन्हा पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"पोरी," म्हातारा तिच्याकडे न बघता म्हणाला, "दुधी खडा आण."

"कुठला, मामा?"

"जो मी भाजलाच नाही तो."

ती आत गेली. कोपरापर्यंत मीठ लागलेला हात घेऊन बाहेर आली आणि तिने तो खडा निळ्याच्या शेजारी, खुर्चीच्या हातावर ठेवला. लसंतने विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"मामांच्या डोळ्यावर बाजार चालतो," ती म्हणाली. "माझ्या नावावर काय चालतं?"

लसंत मटकन पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखा रडला. मग उठून त्याने तिच्या मिठाने भरलेल्या हातात कपाटाची किल्ली ठेवली. कतारला त्याला जावंच लागणार होतं, खडा काही पुन्हा जन्माचा होणार नव्हता. पण ती आता माहेरी जाणार नव्हती, आणि तिकिटाची तारीख त्याने पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी पियतिस्स तिला बाजारात घेऊन गेले. आमच्या खड्यांच्या बाजारात बायका सहसा उभ्या राहत नाहीत. लोक वळून बघू लागले. फारूक हाजियारांसमोर, सगळ्यांच्या कानावर जाईल अशा बेताने म्हातारा बोलला, "जन्माचा निळा मी भाजला. माझे डोळे गेले होते आणि ते माझं मलाच कबूल नव्हतं. हिने चोरीचा आळ अंगावर घेतला, पण माझं नाव राखलं. हिचा हात स्वच्छ आहे. आता माझ्या डोळ्याचं तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. हाजियारांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि नेहमीसारखी मुदलालींपुढे धरली.

पियतिस्सांनी ती घेतली नाही. "आधी ती बघेल," ते म्हणाले. "मग मी."

हाजियारांचा हात तिच्याकडे वळला. इनोकाने उन्हाकडे पाठ केली, खडा दोन बोटांत उचलला, आणि तिला काहीच दिसेना... निळं नाही, पांढरं नाही, नुसतं पाणी.

"सावकाश," तिच्या कानाशी सासरे म्हणाले. "डोळे पूस आणि मग बघ. आम्ही थांबलोय."