कैसरच्या नाण्याला रांगोळी

"थांबा, थांबा! ते मोडीत टाकू नका!"

यशोधराचा हात वजनकाट्यावरच थबकला. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, लछमनदास शेठच्या चांदीच्या दुकानात ती चार वर्षं काउंटर सांभाळत होती. पण मोडीच्या चांदीसाठी कुणाचा जीव असा कासावीस झालेला तिने पाहिला नव्हता. या तरुणाची स्वारी आली होती आईचे पैंजण सांधून न्यायला, आणि डोळे खिळले काट्यातल्या एका काळपट नाण्यावर!

"जर्मनीचं आहे. तीन मार्क, एकोणीसशे दहा. हा बघा कैसर, त्यांचा बादशहा," तो खिशातलं भिंग लावून म्हणाला. मिशी त्यालाही होती, पण कैसरच्या मानाने अगदीच... जाऊ दे. "सहा वर्षं शोधतोय हो मी हे."

"मग नीट मागा ना. ओरडता काय?"

तो चक्क लाजला. तिला ते आवडलं, उगाच कशाला लपवायचं?

नाव राजरत्न. राहायला बदलापूर गावात, अंबरनाथच्या एका कारखान्यात साचे बनवायचा. शेठ बाहेरगावी होते आणि भाव तेच ठरवणार.

"शनिवारी येतो. तोवर जपून ठेवाल?"

"जिवापाड," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

आता जपायचं म्हणजे काय? शुक्रवारी दुपारी दुकान रिकामं होतं. यशोधरा बाईसाहेबांनी ओल्या फडक्यावर चिमूटभर रांगोळी घेतली आणि घरची चांदी घासावी तसं ते नाणं गुणगुणत घासलं. लख्ख! त्याचा चेहरा कसा खुलेल, एवढंच डोक्यात.

"वाह बेटा, एकदम नया!" परतलेले शेठसुद्धा खूश.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर. तिने ड्रॉवरला हात घातला, तोच त्याची गाडी सुटली. "ठाऊक आहे का, हे प्रूफ आहे! बाजारात चालवायला नाही, खास जपून ठेवायला काढलेलं. साचाच आरशासारखा चकचकीत करतात, म्हणून नाणंही आरसा होतं. त्या काळपटपणाखाली तो आरसा शाबूत आहे, मी पाहिलाय. असं दोन बोटांत, कडेनं धरायचं. नुसतं फडक्याने पुसलं तरी संपलं!"

यशोधराने ड्रॉवर हळूच आत लोटला. वितळवलं म्हणून सांगितलं तर? शेठ आत जेवत होते, कोण विचारायला जातंय? पण त्या भाबड्या चेहऱ्यासमोर तिची जीभच रेटेना.

"मी... घासलं ते. रांगोळीने."

नाणं भिंगाखाली गेलं. ओरखडेच ओरखडे. "माझंच चुकलं, सांगायला हवं होतं मी," एवढंच पुटपुटून तो निघून गेला. नाणं काउंटरवरच राहिलं.

पुढचे पंधरा दिवस तिने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. शेठ नाणं मोडीत टाकायला निघाले तर ती केवढ्यांदा ओरडली, "ते कुणाचं तरी आहे!" अगदी त्याच्यासारखीच.

आणि मग एका शनिवारी — तो! हातात निळा अल्बम, त्यात एक कप्पा रिकामा.

"द्या माझं नाणं."

"अहो, पण ते खराब झालंय..."

"झालंय. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण ही बाकीची नाणी कुणाकुणाच्या हातांतून आली, मला काही पत्ता नाही. हे कुणी घासलं, कशासाठी घासलं, ते माहितीये. आणि वितळवलं म्हणाला असतात तर मला कळलंही नसतं." तो अडखळला. "तुम्ही मला आवडता. सरळच सांगतो."

तिचे डोळे भरून आले, आणि हसूही आलं. "मला तर तुम्ही ओरडलात तेव्हापासूनच..."

"फक्त एक अट. माझ्या नाण्यांना हात लावायचा नाही."

"बरं. आणि तुम्हाला?"

त्याने काउंटरवर हात ठेवला. तिने तो दोन बोटांत, अलगद कडेनं धरला. "असं ना?"

"छे! माणसाला घट्ट धरायचं."

आत शेठ मोठ्यांदा खोकले. तिने हात सोडला नाही.