गहिनीनाथाच्या वहाणा

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मला इतकी महाग पडली नसती.

साल १९४४. वैशाख. ठिकाण नगर, माळीवाडा. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारी बाराची.

आधी माझ्या वडिलांना, सुमंतांना, यातून काय मिळणार होतं ते सांगतो.

एक खोली.

लढाईमुळे नगरात लष्कराची माणसं भरली होती. भाड्याने जागा म्हणून मिळत नव्हती. माझी आई, दमयंती, केडगावला भावाकडे राहत होती. आठवा महिना. भावजय रोज ताटात भाजीबरोबर टोमणाही वाढायची.

"वन्सं, घर शोधायला आता बाळालाच पाठवायचं का?"

खोली देणारे होते आप्पासाहेब. वकिलाकडची कारकुनी संपल्यावर त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या भागात एक संग्रहालय थाटलं होतं.

वहाणांचं.

मेलेल्या माणसांच्या वहाणांचं.

काचेच्या कपाटात जोड ठेवलेले. प्रत्येकाखाली चिठ्ठी. नाव, धंदा, कुठे झिजला. सावकाराचा टाचेला झिजलेला. मास्तरांचा चवड्याला. गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरलेल्या मरियाबाईंचे कॅनव्हासचे बूट अंगठ्याशी फाटलेले. कोर्टात तारखेला आलेली माणसं वेळ घालवायला यायची. आपल्या वहाणा उंबऱ्याबाहेर काढायची आणि अनवाणी आत येऊन दुसऱ्यांच्या बघायची!

खोलीच्या बदल्यात वडिलांचं काम होतं संग्रहालयासाठी नवे जोड मिळवणं. त्यासाठी त्यांच्यासारखा माणूस दुसरा नव्हता. घराणं भिक्षुकांचं.

तेराव्याला मयताच्या नावाने छत्री आणि जोडा दान देतात. पुढच्या वाटेवर पाय भाजू नयेत म्हणून. लढाईत कातडं लष्कराकडे गेलेलं, नवा जोडा परवडेना. लोक मयताच्याच वहाणा पुढे करत. वडील संकल्प सोडून घेत...

आणि कपाटात ठेवत.

दान घेतलेला जोडा घेणाऱ्याने पायात घालायचा असतो. तो चालला, तरच मयताला पोचतो. हे वडिलांना पाठ होतं. यजमानांना तेच तर सांगत आले होते. पण खोलीची किल्ली हातात आल्यावर पाठांतर जरा मागे पडलं.

आई माळीवाड्यात, संग्रहालयामागच्या त्या खोलीत राहायला आली. त्याच आठवड्यात वडील कर्जतकडच्या एका गावाहून गहिनीनाथाच्या वहाणा घेऊन आले. गहिनीनाथ टपाल वाहायचा. तीस वर्षं पायी. त्याच्या वहाणा बघून आप्पासाहेब इतके खूश झाले की त्यांनी आईसाठी पलंग धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी... खोलीच्या छतावर, माळवदावर आवाज आला.

चट... चट... चट चट चट...

तापल्या जमिनीवर कोणी अनवाणी पळावं तसा. एक पाय टेकला की दुसरा उचललेला.

मग थांबला. आडोशाला उभं राहिल्यासारखा.

मग पुन्हा.

वडील वर गेले. माळवद रिकामं. सावलीला चिमणीसुद्धा नव्हती.

तिसऱ्या दिवशी संग्रहालयात पाच पाहुणे आले. परत निघाले तर बाहेर काढलेल्या पाचही जोडांची तोंडं फिरलेली... रस्त्याकडे. कोणीतरी प्रत्येक जोडात पाय घालून बघितला असावा, तशी. एका पाहुण्याने वहाण घातली आणि ओरडला.

"कुणी घातली हुती ही? इस्तवावानी तापलीया!"

वहाणा सावलीत होत्या.

वडील आप्पासाहेबांकडे गेले. "तेवढा एक जोड मला घालू द्या. चार पावलं चालतो आणि परत ठेवतो."

"चार पावलांनी झीज बदलते, सुमंतराव." आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "मग वस्तू खोटी होते. कपाट उघडायचं असेल तर खुशाल उघडा. फक्त आधी खोली रिकामी करा."

आई पलंगावर झोपली होती. नववा लागला होता.

वडिलांनी कपाटाला हात लावला नाही.

आठ दिवसांनी गहिनीनाथाची बायको, केशरबाई, दारात आली. उन्हातून आलेली. तिने उंबरा ओलांडला नाही. ओलांडला असता, तर कपाट समोरच होतं.

"म्हाराज, धनी रोज दुपारी सपनात येत्यात. बोलत न्हाईत. नुसतं तळपाय दाखवत्यात." तिने कपाळावरचा घाम पुसला. "तुमी त्या वहाना घालता न्हवं?"

वडील म्हणाले, "हो. रोज घालतो."

केशरबाईने त्यांच्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बरं." म्हणाली आणि गेली.

त्या दुपारी माळवदावर आवाज आला नाही.

दुसऱ्या दुपारीही नाही.

वडिलांना वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दुपारी बारा वाजता आईचं पोट दुखायला लागलं. सारा नर्सबाई आल्या. मिशनच्या दवाखान्यात वीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, सहसा घाबरायची नाही. बाळ रडलं. त्यांनी पुसायला घेतलं... आणि त्यांचे हात थांबले.

"सुमंतराव... इकडे या."

बाळाच्या दोन्ही तळपायांवर फोड होते. फुटलेले. कडेला धूळ चिकटलेली.

सारा नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे पाय कुठून चालून आलेत?"

वडिलांनी त्याच क्षणी जाऊन कपाटाची काच फोडली. वहाणा पायात चढवल्या आणि भर उन्हात कर्जतच्या रस्त्याला लागले. पुढे मरेपर्यंत त्यांनी दुसरं काही पायात घातलं नाही. पण ते चालायचं देणं बहुतेक आधीच दुसऱ्याच्या नावावर चढलं होतं.

ते बाळ मी.

आज वय ऐंशी. डॉक्टरांनी नसा तपासल्या, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. पण वैशाखात बाराच्या सुमाराला, पलंगावर पडलेलो असलो तरी, तळवे भाजायला लागतात. संध्याकाळी बायको बादलीत पाय धुते. ती आता काही विचारत नाही.

पाण्याच्या तळाशी माती बसते.

आप्पासाहेबांना चार दिवस का होईना वस्तू मिळाली, वडिलांना खोली. गहिनीनाथाची उरलेली वाट मात्र मी चालतोय... आणि ती किती उरलीय, ते मला कोणी सांगितलेलं नाही.